तोंडाळ पोरांची बाजू

'द इनबिटवीनर्स' ही ब्रिटिश मालिका मला मनापासून आवडते आणि तसं सांगताना आवाज खाली आणावा असं मला वाटत नाही. या मालिकेत दर दोन मिनिटांनी कुणीतरी कुणाच्या आईबद्दल, कुणाच्या अवयवांबद्दल किंवा कधीच न घडलेल्या संभोगाबद्दल काहीबाही बोलत असतं. ओकाऱ्या होतात, चड्ड्या खराब होतात, शाळेच्या फॅशन शोत भर मंचावर नको ते बाहेर डोकावतं. चांगल्या घरात असलं काही बघू नये असं मानणारे पुष्कळ आहेत, त्यात माझे जवळचे मित्रही आहेत, आणि त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. फक्त मालिका घाण बोलते म्हणून ती घाण आहे, हा त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. विनोद कोणत्या शब्दांत केला याआधी तो शेवटी कुणाच्या अंगावर उलटतो, हे बघायला हवं. या मालिकेत तो जवळजवळ दरवेळी बोलणाऱ्याच्याच अंगावर उलटतो.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इयन मॉरिस आणि डेमन बीझली या जोडीने ही मालिका लिहिली. ई-फोर या वाहिनीवर ती १ मे २००८ रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये संपली. तीन पर्वं, प्रत्येकी सहा भाग, म्हणजे एकूण १८ भाग. ई-फोर ही चॅनेल फोरची तरुणांसाठीची वाहिनी. चॅनेल फोर जाहिरातींवर चालत असली तरी मालकी सरकारी आहे, आणि इतर वाहिन्या ज्यांना विचारत नाहीत अशा प्रेक्षकांसाठी काहीतरी वेगळं करणं हे १९८२ साली सुरू झाल्यापासून तिचं कामच आहे. लोकांच्या मालकीच्या संस्थेने असली भाषा का दाखवावी, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो.

याच ई-फोरवर वर्षभर आधी 'स्किन्स' ही मालिका आली होती. ब्रिस्टलमधली देखणी मुलंमुली, रात्रभराच्या पार्ट्या, ड्रग्ज, प्रेमभंग. 'द इनबिटवीनर्स'मधले चौघे म्हणजे त्या पार्टीचं आमंत्रण कधीच न मिळालेली मुलं. विल मॅकेन्झीच्या आईवडिलांचा घटस्फोट झालाय, खासगी शाळा सुटलीय, आणि तो ब्रीफकेस घेऊन रज पार्क नावाच्या साध्या सरकारी शाळेत दाखल होतो. सायमन कूपर लहानपणापासून कार्ली नावाच्या मुलीच्या मागे आहे, आणि तिला ते नुसतं गोड वाटतं. नील सदरलँड भोळा आहे, इतका की दर वेळी संभाषण कुठे चाललंय हे त्याला शेवटी कळतं. आणि चौथा, जे कार्टराइट, थापा मारतो. लंडनबाहेरचं एक निपचित उपनगर, संध्याकाळी करायला काही नाही, दारू घ्यायला वय बसत नाही. सायमनला वाढदिवसाला मिळालेली गाडी म्हणजे इवलीशी पिवळी फियाट, आणि पुढे तिचा एक दरवाजा लाल होतो. त्या वयातल्या बहुतेकांचं आयुष्य 'स्किन्स'पेक्षा या गाडीच्या जास्त जवळचं असतं.

यातला जे कार्टराइट हाच माझ्या मते या मालिकेचा खरा विषय आहे. त्याच्याइतकं घाण कुणीच बोलत नाही. सोमवारी सकाळी तो येतो आणि शनिवार-रविवारी काय काय केलं हे सांगू लागतो. दोन मुली होत्या, नंतर त्यांच्यातल्या एकीची आई आली, मग अमुक झालं, तमुक झालं. एका वाक्यातला तपशील पुढच्या वाक्याशी जुळत नाही. शरीराचं असं काही वर्णन तो करतो की त्याने कधी कुणाला नीट जवळही घेतलेलं नाही हे ऐकणाऱ्याला लगेच कळावं. विल प्रश्न विचारतो आणि जे नवी थाप मारून जुनी सावरतो. इथे शिव्या आणि लैंगिक शब्द सजावटीसाठी आलेले नाहीत. अज्ञान झाकायला त्याच्याकडे तेवढंच पांघरूण आहे, आणि ते किती तोकडं पडतं हे लेखक आपल्याला दाखवत राहतात. त्याच्या तोंडी सभ्य भाषा दिली असती तर जे हे पात्रच उरलं नसतं.

पहिल्याच पर्वात कॅरॅव्हॅन क्लबचा, म्हणजे गाडीला जोडून नेता येणाऱ्या चाकांवरच्या घरांत सुट्टी घालवणाऱ्यांच्या क्लबचा, भाग आहे. कॅरॅव्हॅन क्लबात बायका कशा तुटून पडतात याची वर्णनं जेने मित्रांना कित्येक महिने ऐकवलेली असतात. शेवटी तिघे त्याच्यासोबत जातात. तिथे असतात त्याचे आईवडील, फोल्डिंग खुर्च्या, गारठा, म्हातारी मंडळी आणि एका हॉलमध्ये चाललेला बेताचा डिस्को. त्याहून महत्त्वाचे तिथे असतात जेचे वडील टेरी. टेरी सगळ्यांसमोर पोराची लक्तरं काढतात. तो कशात नापास झाला, कशाला घाबरला, रात्री काय करत होता, सगळं. आणि हे ते प्रेमाने, गंमत म्हणून, मोठमोठ्याने हसत करतात. जे तिथे बसून असतो. एकदा हे बघितलं की त्याच्या थापांचा उगम कळतो. घरी जो मुलगा रोज छोटा केला जातो तो शाळेत स्वतःला मोठा करून सांगतो. मालिका हे कुठेही समजावून सांगत नाही, कुणी समुपदेशक येऊन बोलत नाही. टेरी पुढचा विनोद करतात, आपण हसतो, आणि हसताना पोटात काहीतरी आवळतं.

पुढे एका भागात जेला खरोखरची मैत्रीण मिळते. क्लोई तिचं नाव. आणि जे बदलतो. हळू बोलतो, तिची काळजी करतो, मित्रांसमोर तिच्याबद्दल काही वावगं सांगत नाही. मग संशय येतो, तो तिला सारखे फोन करतो, ती कंटाळून निघून जाते. जे रडतो. मुलीला 'मिळवणं' याखेरीज दुसरं काही ज्याला कुणी शिकवलं नाही, त्याच्या हातात खरं नातं आल्यावर काय होतं, हे इतकं नेमकं दाखवणारे प्रसंग मी गंभीर म्हणवल्या जाणाऱ्या मालिकांमध्येही फार पाहिलेले नाहीत.

आपल्याकडे होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही विचारा, पुण्यात असो, औरंगाबादेत असो की सांगलीत, मजल्यावर एक तरी जे होताच. रात्री दिवे गेल्यावर त्याच्या खोलीत गर्दी व्हायची. ऐकणाऱ्यांना तो खोटं बोलतोय हे माहीत असायचं, आणि तरी कुणी त्याला अडवत नसे, कारण त्याच्या थापांतूनच बाकीच्यांना अर्धीमुर्धी माहिती मिळत होती. ती माहिती चुकीची होती आणि तिचे परिणाम पुढे कुणाकुणाच्या बायकांनी भोगले. या विषयावर मोठ्यांनी तोंड शिवून घेतलं की पोरांच्या हाती शिकवणी म्हणून जेच उरतो. म्हणून त्याचं बोलणं ऐकून कानावर हात ठेवणाऱ्यांपेक्षा ते बोलणं पूर्ण ऐकून त्यातलं खोटं उघडं पाडणारे लेखक मला जास्त जबाबदार वाटतात.

विनोद उलटतो कसा याचं आणखी एक उदाहरण देतो, कारण यात भाषेपेक्षा वागणूक जास्त ओंगळ आहे. चौघे थॉर्प पार्क या करमणूक उद्यानात जातात. विलला रोलरकोस्टरची सर्वांत पुढची सीट हवी असते, त्यासाठी तो तासन्‌तास रांगेत उभा राहिलेला असतो. ती सीट दुसऱ्यांना दिली जाते. विल तावातावाने भांडतो, नियम सांगतो, रांग मोडणाऱ्यांना नाही नाही ते बोलतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं की तो ज्यांच्यावर डाफरतोय ती डाउन सिंड्रोम असलेली मुलं आहेत. हा प्रसंग वाचून कुणालाही वाटेल की अपंगांची टिंगल केलीय. पडद्यावर बघितला की त्या मुलांना धक्काही लागलेला नाही हे दिसतं. हसू येतं ते विलच्या ताठ्याचं, आपण शिकलेले आणि न्यायाचे म्हणून बाकी जगाला फैलावर घ्यायचा परवाना आपल्याला मिळालाय या समजुतीचं. मध्यमवर्गीय माणसाला हे बघताना अवघडल्यासारखं होतं, मला तरी झालं.

मालिकेत प्रेक्षकांचं ध्वनिमुद्रित हसू नाही, हेही यात कामाला येतं. फजिती झाली की शांतता असते, आणि ती शांतता आपल्याला सोसावी लागते. वरून विलचं निवेदन असतं, अगदी घडीव, परीक्षेतल्या निबंधासारखं इंग्रजी. त्या घडीव भाषेत तो सांगतो की रात्रभर जागण्यासाठी ढोसलेल्या एनर्जी ड्रिंकमुळे भर परीक्षेत त्याचं पोट कसं सुटलं. शाळेतले गिल्बर्ट सर हे सगळं थंडपणे बघत असतात. ती भूमिका करणारे ग्रेग डेव्हिस प्रत्यक्षात अनेक वर्षं शाळेत नाट्यशिक्षक होते, आणि ते कळतं. पोरांना कंटाळलेला, पण त्यांची प्रत्येक चाल आधीच ओळखणारा शिक्षक इतका अचूक क्वचितच सापडतो.

अमेरिकेत एमटीव्हीने २०१२ मध्ये हीच मालिका तिथल्या मुलांना घेऊन पुन्हा केली. पात्रांची नावं तीच, प्रसंगही बरेचसे तेच. १२ भागांत ती बंद पडली. नुसत्या वाह्यात बोलण्यावर मालिका चालत असती तर ती तिथेही चालायला हरकत नव्हती. इकडे ब्रिटनमध्ये ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीचा, म्हणजे बाफ्टाचा, २०१० चा प्रेक्षक पुरस्कार मूळ मालिकेला मिळाला, आणि २०११ साली त्यावर आलेल्या चित्रपटाने फक्त ब्रिटनमध्ये साडेचार कोटी पौंडांचा धंदा केला. बाफ्टाचा तो पुरस्कार लोकांच्या मतांवर दिला गेला होता. एवढे सगळे लोक बिघडलेले होते असं मानायला मी तयार नाही.

अशा मालिकांना ब्रिटनमध्ये विरोध झाला नाही असं नाही. मेरी व्हाइटहाउस नावाच्या शिक्षिकेने १९६४ साली बर्मिंगहॅममध्ये सभा घेऊन टीव्ही स्वच्छ करण्याची मोहीम उभी केली आणि पुढची कित्येक वर्षं बीबीसीला सळो की पळो करून सोडलं. त्यांची थट्टा करणं तिथल्या बुद्धिमंतांना सोपं गेलं. पण घरात मुलांसमोर काय येतं याची काळजी करणारी आई किंवा शिक्षिका हास्यास्पद नसते. तिथल्या व्यवस्थेने त्या काळजीला दिलेलं उत्तर मला योग्य वाटतं: मुलांसाठी अयोग्य असलेलं काहीही रात्री ९ च्या आधी आणि पहाटे साडेपाचनंतर दाखवायचं नाही. यात वेळेची मर्यादा पाळली जाते आणि मजकुराला कात्री लागत नाही.

कात्रीमागचा विचार फार जुना आहे आणि तो आपल्याकडेही ब्रिटनमधूनच आला. १८६८ च्या हिक्लिन खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने अश्लीलतेची कसोटी ठरवली: ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं अशा माणसाच्या हाती हा मजकूर पडला तर काय होईल? व्यवहारात याचा अर्थ असा झाला की पुस्तकातला एक उतारा काढायचा, सर्वांत कमकुवत वाचकाच्या नजरेने तो वाचायचा आणि शिक्षा द्यायची. ब्रिटनने १९५९ च्या कायद्यात ही रीत सोडली आणि कलाकृती समग्र बघायची असं ठरवलं. डी. एच. लॉरेन्सच्या ज्या कादंबरीवरून लंडनमध्ये १९६० साली प्रकाशक निर्दोष सुटला, त्याच कादंबरीच्या विक्रीवरून मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली, आणि तीही हिक्लिनची कसोटी धरून. ज्यांनी ती कसोटी बनवली त्यांनी टाकून दिल्यावरही आपण ती २०१४ पर्यंत उराशी धरून होतो. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवली.

मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात तर न्यायालयाने साफ सांगितलं की शिवराळ आणि असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही. कॉलेजातली मुलं तोंडात शिव्या घेऊन बोलतात म्हणून निर्मात्यांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला गेला होता, तो रद्द झाला. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. 'द इनबिटवीनर्स'सारख्या मालिकेला न्याय द्यायचा तर ती १८ भागांची एक गोष्ट म्हणून बघावी लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातून हिक्लिनचीच पद्धत परत येते: संदर्भ तोडायचा, शब्द उचलायचे, आणि संतापायचं.

पण तुकडे उचलणारे फक्त संतापणारे नसतात, आणि विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा इथेच आहे. जे चालत्या गाडीतून बसच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना एक शिवी हासडतो. ती शिवी ब्रिटनमधल्या तरुण पोरांच्या तोंडी बसली आणि मालिका संपल्यावरही टिकली. ज्यांनी ती रस्त्यात खऱ्या माणसांवर फेकली त्यांना जे मूर्ख आहे हे कळलं नव्हतं का? काहींना नक्कीच नव्हतं. असं आधीही झालंय. बीबीसीवर १९६० च्या दशकात अॅल्फ गार्नेट नावाचं पात्र आलं, वर्णद्वेषी आणि बोलभांड. ते लिहिणारे जॉनी स्पेइट त्याची टर उडवत होते, आणि प्रेक्षकांतला एक वर्ग मात्र 'आपल्या मनातलं बोलला' म्हणून टाळ्या वाजवत होता. लेखकाचा हेतू प्रेक्षकापर्यंत शाबूत पोहोचेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ही किंमत खरी आहे आणि मी ती कमी करून सांगणार नाही. तरीही टर उडवणं सोडून दिलं तर ती भाषा रस्त्यावर तशीच राहते आणि तिच्यावर हसणारं तेवढं कुणी उरत नाही.

काही गोष्टींचा बचाव मी करणार नाही. नीलचे वडील केव्हिन यांना समलिंगी म्हणून चिडवणं हा या मालिकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारा विनोद आहे. इतर ठिकाणी जी उलटी कलाटणी येते ती इथे येत नाही. केव्हिन सहन करतात, नील 'नाहीत ते तसे' म्हणून भांडतो, आणि समलिंगी असणं हीच शिवी आहे हे गृहीत तसंच राहतं. एखाद्या वर्गात त्या वयाचा, स्वतःबद्दल नुकतंच काही उमगलेला मुलगा बसला असेल तर त्याला या विनोदात आपली जागा कुठे दिसेल? मुली तर बहुतांशी चौघांच्या स्वप्नांपुरत्या येतात. कार्लीला काय हवंय हे १८ भागांत आपल्याला धड कळत नाही. मुलांच्या नजरेतून गोष्ट सांगितलीय म्हणून हे चालतं, असं समर्थन केलं जातं. मला ते अपुरं वाटतं. टेरीच्या एका प्रवेशात लेखक जेचं आख्खं घर उभं करू शकतात, तर कार्लीला एक खरा प्रवेश देणं त्यांना जड नव्हतं.

हा दोष वाह्यात विनोदाच्या प्रकाराचा आहे असं मात्र म्हणता येणार नाही. सुझन निक्सन या तरुण लेखिकेने रंकॉर्न या कामगारवस्तीच्या गावावर लिहिलेली मालिका बीबीसीवर २००१ पासून दहा वर्षं चालली, त्यात बायका पुरुषांच्या तोडीस तोड अचकट बोलतात. लिसा मॅगी यांची 'डेरी गर्ल्स' चॅनेल फोरवर २०१८ मध्ये आली. उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब आणि लष्करी चौक्यांच्या सावलीत वाढणाऱ्या, कॅथलिक शाळेतल्या शिवराळ मुली तिच्यात आहेत. त्यांच्यातल्या एका मुलीच्या समलिंगी असण्याची गोष्ट तिथे किती आपुलकीने सांगितलीय! भाषा तितकीच बेफाम आहे, आणि मुलींना मनं आहेत. ही मालिका नंतर आली आणि तिने आधीच्यांची उणीव भरून काढली, असं मी मानतो. पोरांचं वाह्यातपण पडद्यावर येऊच दिलं नसतं तर पोरींच्या वाह्यातपणाला तिथपर्यंत वाट मिळाली नसती.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर वयाचे गट आणले आहेत: ७ वर्षांवरचे, १३ वरचे, १६ वरचे आणि प्रौढ. ते पाळले जावेत आणि सरकारने तेवढ्यावर थांबावं, असं माझं ठाम मत आहे. शिवी पुसण्यासाठी मध्येच 'बीप' घालणं किंवा अख्खे प्रसंग कापणं याने कुणाचं भलं होत नाही. जेची थाप अर्धी कापली तर उरलेला अर्धा भाग खरा वाटायला लागतो.

ओळखीतले पालक विचारतात तेव्हा मी सांगतो की बाराव्या-तेराव्या वर्षी ही मालिका नको. ब्रिटनमध्ये चित्रपटाला १५ वर्षांवरील मुलांसाठीचं प्रमाणपत्र होतं, ते मला योग्य वाटतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने ती बघितली तर लॅपटॉप हिसकावून घेऊ नका. जमलं तर कॅरॅव्हॅन क्लबचा भाग त्याच्याबरोबर बसून बघा. सुरुवातीची दहा मिनिटं दोघांनाही अवघड जातील. टेरीचा प्रवेश आला की बापांनी जास्त लक्ष देऊन बघावा. आणि केव्हिनवरचा विनोद आला की तो पुढे सरकवू नका, तिथे मालिका थांबवून हे चुकीचं का आहे ते मुलाला सांगा.